वाल्या, वाल्मीकी आणि मार्टिन मॅकगिनेस

आजच्या व्याख्यानासाठी आपण एकच माणूस घेतला आहे, मार्टिन मॅकगिनेस. जन्म १९५०, उत्तर आयर्लंडमधलं डेरी शहर. मृत्यू २१ मार्च २०१७, त्याच शहरात. वयाच्या २१ व्या वर्षी हा माणूस आयरिश रिपब्लिकन आर्मी, म्हणजे आयआरए, या सशस्त्र संघटनेच्या डेरी तुकडीत दुसऱ्या क्रमांकावर होता. ५६ व्या वर्षी तो उत्तर आयर्लंडचा 'डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर' झाला. आपल्याकडच्या भाषेत उपमुख्यमंत्री म्हणू. पण तिथे कायद्याने या पदाचे अधिकार मुख्यमंत्र्याच्या बरोबरीचे असतात, आणि दोघांपैकी एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. हा तपशील लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

ते वारले तेव्हा जगभर जे मृत्युलेख आले त्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला गट म्हणतो, हा वाट चुकलेला तरुण पुढे शांतिदूत झाला. दुसरा म्हणतो, खुनी तो खुनीच, पुढे सूट घातला म्हणून काय झालं? ब्रिटनचे माजी मंत्री नॉर्मन टेबिट यांनी तर त्यांना भित्रा म्हटलं. टेबिट यांच्या पत्नी १९८४ च्या ब्राइटन बॉम्बस्फोटात जन्मभरासाठी अपंग झाल्या होत्या, त्यामुळे त्या रागाला आपण दुरून नावं ठेवू शकत नाही.

आमचं म्हणणं असं, की हे दोन्ही गट एकच गोष्ट गृहीत धरून चालतात. आपल्याला ती गोष्ट लहानपणापासून पाठ आहे: वाल्याचा वाल्मीकी. पहिला गट म्हणतो, झाला. दुसरा म्हणतो, झाला नाही. पण ही गोष्ट इथे लागू तरी पडते का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आज आपण तो विचारू.

आता ती गोष्ट नीट आठवा. वाल्या दर खुनामागे रांजणात एक खडा टाकतो, म्हणजे त्याच्याकडे हिशेब आहे. नारद त्याला सांगतात, घरी जाऊन विचार, माझ्या पापात वाटेकरी होता का? बायकापोरं म्हणतात, नाही. तिथे तो मोडतो. मग तप, अंगावर वारूळ, आणि नवा माणूस. तेव्हा या परिवर्तनाला चार गोष्टी लागतात: मोजदाद, प्रश्न, नकार आणि पश्चात्ताप. मॅकगिनेस यांच्या आयुष्यात यातलं काय सापडतं ते पाहू.

त्यासाठी आधी डेरीत जायला हवं. 'डेरी' म्हणायचं की 'लंडनडेरी', इथूनच तिथलं भांडण सुरू होतं. आयरिश राष्ट्रवादी कॅथलिक डेरी म्हणतात, ब्रिटनशी एकनिष्ठ असलेले प्रोटेस्टंट, म्हणजे युनियनिस्ट, लंडनडेरी. शहरात कॅथलिक बहुसंख्य. पण प्रभागांची आखणी अशी केलेली, की महापालिका मात्र वर्षानुवर्षं युनियनिस्टांच्या हातात. स्थानिक निवडणुकीत मतदानाचा हक्क घराशी बांधलेला, आणि घरं वाटणार कोण? तीच महापालिका. म्हणजे घर नाकारलं की मतही नाकारलं. बॉगसाइड हा या शहराचा खोलगट, दाटीवाटीचा कॅथलिक भाग. मॅकगिनेस तिथले. अकराव्या वर्षी द्यायच्या 'इलेव्हन प्लस' परीक्षेत ते नापास झाले. या परीक्षेवर मुलगा ग्रामर स्कूलला जाणार की नाही, म्हणजे पुढे विद्यापीठाची वाट धरणार की कारखान्याची, हे ठरत असे. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. एका गॅरेजमध्ये नोकरी मागायला गेलो, शाळा कुठली ते विचारलं आणि मुलाखत तिथेच संपली, असं ते पुढे सांगत. शाळेच्या नावावरून धर्म कळतो. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको, आपल्याकडे आडनाव पुरतं. शेवटी ते खाटकाच्या दुकानात कामाला लागले.

१९६८ साली डेरीत नागरी हक्कांचा मोर्चा निघाला, त्यावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या. १९६९ च्या ऑगस्टमध्ये बॉगसाइडमध्ये दंगल पेटली आणि ब्रिटिश सैन्य रस्त्यावर आलं. ऑगस्ट १९७१ मध्ये विनाचौकशी स्थानबद्धता सुरू झाली. ३० जानेवारी १९७२ ला सैन्याच्या पॅराशूट रेजिमेंटने त्याच वस्तीत निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळीबार केला. १३ माणसं त्या दिवशी गेली, चौदावा नंतर गेला. 'ब्लडी संडे' म्हणतात तो हा दिवस. यानंतर आयआरएला माणसं गोळा करावी लागली नाहीत, ती आपण होऊन आली.

आता नारदाचा प्रश्न इथे विचारून बघा. पापात वाटेकरी होता का? बॉगसाइडमधल्या बऱ्याच घरांचं उत्तर 'हो' असं होतं. सगळ्यांचं नाही, हेही लगेच सांगू. पण पुष्कळांनी दार उघडं ठेवलं, लपवलं, जेवू घातलं, आणि पुढे मतं दिली. वाल्या एकटा पडला म्हणून बदलला. मॅकगिनेस कधीच एकटे पडले नाहीत. पहिला सांधा इथे निखळतो.

दुसरा सांधा पश्चात्तापाचा. १९७३ च्या सुरुवातीला डब्लिनमध्ये त्यांच्यावर खटला चालला. २५० पौंड स्फोटकं आणि जवळजवळ ५,००० काडतुसं असलेल्या मोटारीजवळ ते सापडले होते. न्यायालयाला त्यांनी मान्यताच दिली नाही. उलट आपण आयआरएच्या डेरी ब्रिगेडचे आहोत आणि त्याचा अभिमान आहे, असं भर न्यायालयात सांगितलं. सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे ४४ वर्षं ते जगले, मंत्री झाले, राजवाड्यात जेवले. पण 'मी आयआरएत गेलो ही चूक झाली' असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मृतांबद्दल दुःख व्यक्त केलं, कुटुंबांच्या वेदना मान्य केल्या. पण आपलं युद्ध मुळात अन्याय्य होतं, हे नाही.

मग बदललं काय? बदललं ते साधन. आणि तेही एका रात्रीत नाही. बघा, जुलै १९७२ मध्ये, ब्लडी संडेला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा ब्रिटिश सरकारने आयआरएच्या सहा जणांना गुपचूप विमानाने लंडनला नेलं. चेल्सीतल्या एका घरात मंत्री विल्यम व्हाइटलॉ यांच्याशी बोलणी झाली. त्या सहांमध्ये २२ वर्षांचे मॅकगिनेस होते, जेरी अ‍ॅडम्सही होते. बोलणी फिसकटली, शस्त्रसंधी दोन दिवसांत मोडली, आणि त्याच महिन्यात आयआरएने बेलफास्टमध्ये एका दुपारी बॉम्बची मालिका लावून नऊ जणांचे जीव घेतले. म्हणजे बंदूक आणि वाटाघाट या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात एकामागून एक आल्या नाहीत. पंचवीस वर्षं त्या बरोबरीने चालल्या. १९७४ मध्ये आपण आयआरए सोडली असं ते सांगत. यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. पुढच्या काळात ते संघटनेच्या सर्वोच्च नेतृत्वात होते असं कितीतरी पत्रकारांनी आणि अभ्यासकांनी लिहिलं आहे, आणि त्यांनी ते शेवटपर्यंत नाकारलं.

१९८६ चं शिन फेनचं अधिवेशन घ्या. शिन फेन म्हणजे याच चळवळीचा राजकीय पक्ष. डब्लिनच्या संसदेत निवडून आलो तर जागा घ्यायची की नाही, हा वाद होता. जुन्या मंडळींना भीती, की एकदा संसदेत बसलो की युद्ध संपलं. मॅकगिनेस यांनी व्यासपीठावरून ग्वाही दिली, की युद्ध थांबणार नाही. ठराव मंजूर झाला, जुनी मंडळी सभात्याग करून गेली. आणि आठ वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९९४ ला, आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली. म्हणजे जुन्या मंडळींची भीती खरी ठरली, आणि ती खोटी आहे अशी ग्वाही ज्यांनी दिली होती तेच ती खरी करणारे झाले! याला लबाडी म्हणायचं की मुत्सद्देगिरी? आमच्या मते दोन्ही. आपल्याच सैनिकांना हळूहळू, त्यांच्या नकळत युद्धातून बाहेर काढायचं, तर पूर्ण सत्य बोलून ते जमत नाही. वाट सरळही नव्हती. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या कॅनरी व्हार्फजवळ बॉम्ब फुटून दोघे मेले, संधी मोडली. जुलै १९९७ मध्ये पुन्हा सुरू झाली. १० एप्रिल १९९८ ला 'गुड फ्रायडे करार' झाला, त्यात शिन फेनचे मुख्य वाटाघाटीकार मॅकगिनेस होते. उत्तर आयर्लंडमध्ये जनमत घेतलं, ७१ टक्के लोकांनी करार मान्य केला.

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. मॅकगिनेस यांचा वाल्मीकी झाला असता, म्हणजे त्यांनी १९९० च्या सुमारास उठून सांगितलं असतं की आपण सगळे पापी आहोत, तर काय झालं असतं? चांगला माणूस म्हणून त्यांचं नाव झालं असतं, आणि आयआरए दुसऱ्या कुणाच्या तरी मागे गेली असती. बंदुका त्यांच्या शब्दावर खाली ठेवल्या गेल्या, कारण त्यांनी त्या बंदुकांना कधी नावं ठेवली नाहीत. २००५ मध्ये आयआरएने सशस्त्र मोहीम संपल्याचं जाहीर केलं आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षकांसमोर शस्त्रं निकालात काढली. जानेवारी २००७ मध्ये शिन फेनने पोलिसांना मान्यता दिली, ज्या पोलिसांना कालपर्यंत गोळ्या घातल्या होत्या त्यांना. आणि मार्च २००९ मध्ये फुटीर गटांनी दोन सैनिक आणि एक पोलीस मारले, तेव्हा मॅकगिनेस पोलीसप्रमुखांच्या शेजारी उभे राहिले आणि मारेकऱ्यांना आयर्लंड बेटाचे गद्दार म्हणाले. हा शब्द पश्चात्तापदग्ध माणसाच्या तोंडून आला असता तर त्या पोरांनी हसण्यावारी नेला असता. तो जुन्या कमांडरच्या तोंडून आला, म्हणून लागला. जिवाला धोका पत्करून बोललेला शब्द होता तो.

८ मे २००७ ला इयान पेझ्ली मुख्यमंत्री झाले, मॅकगिनेस त्यांच्या बरोबरीने. पेझ्ली म्हणजे कॅथलिकांशी कसलीही तडजोड नको म्हणून आयुष्यभर गर्जना करणारे पाद्री. त्याआधी आपण दोघं हवापाण्यावरसुद्धा कधी बोललो नव्हतो, असं मॅकगिनेस सांगत. आणि मग हे दोघे इतके हसत-खिदळत वावरू लागले, की वर्तमानपत्रांनी त्यांना 'चकल ब्रदर्स' म्हटलं, आपण 'खिदळणारे बंधू' म्हणू. दोघांच्याही कट्टर अनुयायांना हे हसणं सहन झालं नाही.

प्रशासक म्हणून काय केलं? १९९९ मध्ये ते शिक्षणमंत्री झाले. ज्या इलेव्हन प्लसने त्यांना बाजूला काढलं होतं, ती परीक्षा रद्द करण्याचा निर्णय त्यांनी २००२ मध्ये पद जाता जाता जाहीर केला. सरकारी परीक्षा २००८ मध्ये संपली. पण ग्रामर शाळांनी लगेच स्वतःच्या प्रवेशपरीक्षा सुरू केल्या. म्हणजे सरकारी परीक्षा गेली तरी निवड उरलीच. एका घोषणेने व्यवस्था बदलत नाही, हे मंत्री झाल्यावर त्यांनाही कळलं असणार.

आता जून २०१२. बेलफास्टच्या एका नाट्यगृहात मॅकगिनेस यांनी राणी एलिझाबेथ यांच्याशी हस्तांदोलन केलं. भारतीयांना यात एक धागा ओळखीचा आहे. ऑगस्ट १९७९ मध्ये आयआरएने आयर्लंडच्या किनाऱ्यावर लॉर्ड माउंटबॅटन यांची बोट उडवली. आपले शेवटचे व्हाइसरॉय, आणि राणीच्या यजमानांचे सख्खे मामा. त्या स्फोटात चौघे गेले, त्यात १४ आणि १५ वर्षांची दोन मुलं होती. तेव्हा तो हात हातात घेताना राणीलाही काही गिळावं लागलं असेल. आमच्या दृष्टीने त्या क्षणाचं मोल यात आहे, की दोघांपैकी कुणीही माफी मागितली नाही. दोघांनी फक्त हात पुढे केला.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, की हा मॅकगिनेस यांचा गौरव चालला आहे. आता दुसरी वही उघडू.

संघर्षात एकूण ३,५०० हून अधिक माणसं मेली. त्यांतल्या १,७०० हून अधिकांचे जीव एकट्या आयआरएने घेतले. या खड्यांचे रांजण कुठे आहेत? ब्लडी संडेसाठी लॉर्ड सॅव्हिल यांचा चौकशी आयोग बसला, आणि बसायलाच हवा होता. त्या आयोगापुढे मॅकगिनेस यांनी साक्ष दिली. पण काही प्रश्नांवर, जुन्या सहकाऱ्यांना दिलेल्या शब्दाचं कारण देऊन, ते गप्प राहिले. २०१० च्या अहवालाने म्हटलं, की त्या दिवशी त्यांच्याकडे बहुधा सबमशीनगन होती, ती चालवल्याचा पुरेसा पुरावा नाही, आणि सैनिकांच्या गोळीबाराला समर्थन मिळेल असं त्यांनी काही केलं नाही. ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. राज्यसंस्थेकडून आपण सत्य मागतो आणि आपल्या बाजूचं सत्य मुठीत ठेवतो, ही विसंगती मॅकगिनेस यांनी कधीच सोडवली नाही.

२०११ मध्ये ते आयर्लंड प्रजासत्ताकाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. प्रचारात एका गावी एक माणूस फोटो घेऊन समोर आला. त्याचे वडील आयरिश सैन्यात साधे शिपाई होते. १९८३ मध्ये अपहृत उद्योगपतीला सोडवताना आयआरएच्या गोळीने गेले. लक्षात घ्या, मारला गेला तो ब्रिटिश नव्हे, आयरिश शिपाई. आणि तिथले राष्ट्राध्यक्ष हे त्याच सैन्याचे सर्वोच्च प्रमुख असतात. मुलाची मागणी साधी होती: मारणारे कोण, ते सांगा. मॅकगिनेस म्हणाले, माहीत नाही. मुलाने ते मानलं नाही. मॅकगिनेस निवडणूक हरले, तिसरे आले.

हीच ती किंमत. जे मौन आयआरएला एकसंध ठेवून युद्धाबाहेर काढायला उपयोगी पडलं, त्याच मौनाचं ओझं या मुलाच्या डोक्यावर बसलं. शांतता सगळ्यांना मिळाली, आणि तिची वर्गणी मात्र काही मोजक्या घरांकडून वसूल झाली, तीही न विचारता.

यावर एक कठोर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. त्याच डेरी शहरात जॉन ह्यूम जन्मले. तोच अन्याय, तेच रस्ते. त्यांनी बंदूक कधीच हातात घेतली नाही. डिसेंबर १९७३ मध्ये सनिंगडेल इथे सत्तावाटपाचा करार झाला होता. युनियनिस्टांच्या संपाने तो पाच महिन्यांत पाडला, आयआरएलाही तो नकोच होता. १९९८ च्या कराराला ह्यूम यांचे सहकारी शेमस मॅलन म्हणाले, हे मंदबुद्धी विद्यार्थ्यांसाठीचं सनिंगडेल आहे. जे मिळालं ते साधारण पंचवीस वर्षांपूर्वी मेजावर होतं. मग मधली माणसं कशासाठी मेली? शिन फेनकडे याचं उत्तर नाही. 'पर्याय नव्हता' हे उत्तर ह्यूम यांच्यासमोर टिकत नाही. आणि मतदारांचा न्याय बघा: २००३ पर्यंत शिन फेनने ह्यूम यांच्या पक्षाला मागे टाकलं. पहिल्यापासून बंदुकीला नकार देणाऱ्यापेक्षा ती खाली ठेवणाऱ्याला जास्त मतं मिळाली. आपणही थोडं अंतर्मुख व्हावं असं यात आहे. १९१६ च्या ज्या एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावात आयर्लंडचाच 'होमरूल' हा शब्द घेऊन लीग काढली, त्याच महिन्यात डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. दोन्ही वाटांची भूल आपल्याला आहे. पण पोवाडे आपण कुणाचे जास्त गातो?

आता थोडं तत्त्वज्ञान, फार नाही. बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 'नैतिक दैव' अशी कल्पना मांडली. त्याचं उदाहरण चित्रकार गोगँचं. बायकामुलांना सोडून हा माणूस चित्रं काढायला दूर निघून गेला. त्याचं जाणं समर्थनीय होतं का, हे तो मोठा चित्रकार ठरतो की नाही यावर अवलंबून राहतं, आणि ते जाताना त्यालाही ठाऊक नसतं. आपल्याला इथे महत्त्वाची आहे ती विल्यम्सची पुढची पायरी. यश मिळालं तरी ते समर्थन सोडून दिलेल्या बायकामुलांपर्यंत पोहोचत नाही. त्यांची तक्रार तशीच उभी राहते, आणि योग्यच असते. मॅकगिनेस यांना यश मिळालं. पण ते यश त्या शिपायाच्या मुलापर्यंत पोहोचत नाही. पोहोचलं पाहिजे असा आग्रह धरणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय होईल.

हॅना आरेंटने म्हटलं आहे, की झालेलं उलटवता येत नाही, त्यावर उपाय क्षमा. आणि पुढचं सांगता येत नाही, त्यावर उपाय वचन. क्षमा ज्याचं गेलं त्यानेच करायची असते, ती सरकार किंवा इतिहास त्याच्या वतीने करू शकत नाही. वचन मात्र राजकीय माणसाला देता येतं आणि पाळता येतं. मॅकगिनेस यांनी क्षमेचा प्रदेश जवळजवळ मोकळा ठेवला. वचन दिलं आणि दहा वर्षं पाळलं. १९९३ मध्ये इंग्लंडच्या वॉरिंग्टन गावात आयआरएच्या बॉम्बने दोन मुलं मारली, एक तीन वर्षांचं, एक बारा. त्या बारा वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी २०१३ मध्ये मॅकगिनेस यांना गावी व्याख्यानाला बोलावलं. आयआरएला मी क्षमा केलेली नाही, असं हे वडील स्पष्ट सांगत; आणि मॅकगिनेस हा माणूस म्हणून आवडावा असा आहे, हेही सांगत. या दोन वाक्यांची बेरीज-वजाबाकी त्यांनी केली नाही. आपणही करू नये.

जानेवारी २०१७ मध्ये एका ऊर्जा अनुदान योजनेतल्या गैरकारभारावरून मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला. त्याबरोबर मुख्यमंत्री आर्लीन फॉस्टर यांचं पदही गेलं आणि सरकार तीन वर्षं उभं राहिलं नाही. मार्चमध्ये मॅकगिनेस वारले. फॉस्टर यांच्या वडिलांवर १९७९ मध्ये आयआरएने घराजवळ गोळ्या झाडल्या होत्या, ते वाचले. अशी ही बाई अंत्यसंस्काराला जाणार का, यावर पैजा लागल्यासारखी चर्चा झाली. त्या गेल्या. चर्चमधल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी क्षमा केली होती का, हे त्यांचं त्यांना ठाऊक. शेजारी राहायचं ठरवलं होतं, एवढं सगळ्यांना दिसलं.

तेव्हा वाल्या-वाल्मीकीची गोष्ट आपण इथे बाजूला ठेवू. त्या गोष्टीत शेवटी रांजण रिकामे होतात. राजकारणात ते रिकामे होत नाहीत, शेजारी नवे भरायचे थांबवता येतात, इतकंच. मॅकगिनेस यांनी ते थांबवायला मोठा हातभार लावला, याबद्दल त्यांचं ऋण मान्य करू. आधीचे भरण्यातही त्यांचा हात होता आणि त्यांतले खडे कुणाच्या नावाचे, ते सांगण्याची वेळ आली तेव्हा ते गप्प राहिले, हेही लिहून ठेवू. दोन्ही वह्या उघड्या ठेवून जगायचं, हे उत्तर आयर्लंडच्या लोकांना आज करावं लागतं. आपण निदान दुसऱ्यांच्या वह्या घाईने मिटू नयेत.

इथे थांबू. तुमचे प्रश्न आणि मतभेद ऐकायला आवडतील.